गाळलेली ओळ

कापलेली रागी दोन दिवस रानात पडून होती आणि मद्रासकडून आभाळ भरून आलं होतं. आमच्याकडं कार्तिकात असंच होतं. तिकडं समुद्रात वादळ उठतं आणि इकडं आमच्या हुणसेकेरीत चार-चार दिवस ऊन दिसत नाही, नुसती पिरपिर चालते. तांबडी माती पायाला अशी धरते की पाऊल उचलताना निम्मं शिवार संगं येतं. अशात रागी भिजली तर कणसातच कोंब धरते, मग ती ना मुद्द्याला, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याला, चालत ना बियाला. म्हणून त्या दिवशी मी माझी पिठाची गिरणी बंद ठेवली आणि जयसिंगरावाच्या रानात पेंढ्या बांधायला गेलो.

जयसिंगराव माझा शेजारी. आमची घरं भिंतीला भिंत लागून. आम्ही मराठे ह्या मुलखात कधी आलो ते आमच्या आज्यालाही सांगता येत नव्हतं. घरात मराठी, दारात कन्नड आणि रागावलो की दोन्ही. बेंगळूर पश्चिमेला, बसनं दोन तासांवर. शहाण्णव सालची ही गोष्ट. तेव्हा व्हाइटफील्डकडं काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या आणि आमच्या बांधाबांधानं पांढऱ्या गाड्या फिरायला लागल्या होत्या.

रानात सगळ्यांत पुढं यल्लव्वा होती. जयसिंगरावाची थोरली बहीण. अठ्ठावन्न वर्षांची, अंगानं काडी, पण तिच्या हातची पेंढी सुटायची नाही. ती दिली होती मालूरकडं. नवरा तीन वर्षांमागं गेला, पोरबाळ झालं नाही. सुगी आली की ती भावाच्या रानात मदतीला यायची, कोणी बोलावलं नाही तरी.

"उचला रं स्वल्प," ती गड्यांना म्हणत होती. "आभाळ काय तुमची लग्नं लागायची वाट बघनार हाय?"

दुपारी होंगेच्या झाडाखाली जेवायला बसलो. रागीचे मुद्दे आणि अवऱ्याच्या दाण्यांची आमटी. यल्लव्वानं भावाच्या ताटात आमटी वाढली आणि वाढता वाढता विचारलं, "जयसिंगा, येताना बसमदनं तळ्याकडलं रान बघितलं. आपल्या अकरा गुंठ्यांत चुना मारलेले दगड कुनी रोवलेत?"

जयसिंगरावाचा हात ताटातच राहिला. "सर्वेवाले आसतील, अक्का."

"सर्वेवाले न्हाईत. मी खाली उतरून इचारलं. तितला मानूस म्हनला, इहिरीचा कोपरा सोडून हे रान बेंगळूरच्या इंदिरानगरातल्या पार्टीला जानार. पुढल्या म्हैन्यात रजिस्टर."

जयसिंगरावाची बायको रत्नव्वा उगाच आमटीचं भांडं ढवळत बसली.

"ते अकरा गुंठे बाबानं मला चोळीबांगडीला दिलेत," यल्लव्वा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तालुक्याला जाऊन माझ्यासमोर अंगठा दिला त्यानं. मी संगं हुते. आजवर मी त्यातलं चिंचेचं बुटूक मागितलं न्हाई. तू पेरलंस, तू खाल्लंस. म्हनलं, भाऊच हाय, परका थोडाच हाय. पर आता मला तितं दोन खनांचं घर बांधायचं हाय. पुतन्यांनी मला गोठ्याच्या अंगाला टाकलीया. म्हशीनं शेपूट झटकलं की शेन माझ्या ताटात येतं."

"बाबा तोंडानं बोलला आसंल, अक्का. लिवलं काई न्हाई."

"लिवलंय."

"न्हाई गं."

"मंग बघू की. कागद सरकारच्या घरात आसतो, तुझ्या-माझ्या पेटीत न्हाई. रागी झाकू आनि उद्या जाऊ. नाव न्हाई निघालं तर पुन्ना तोंड उघडनार न्हाई, बाबाची आन." मग ती माझ्याकडं वळली. "वाचायला भगवंता येईल संगं. तो वाचंल ते मला कबूल."

मुद्दा चावायचा नसतो, गिळायचा असतो. तो घास मला गिळता येईना.

दिवेलागणीला जयसिंगराव गिरणीत आला. पट्टा निघालेल्या चाकावर हात ठेवून उभा राहिला.

"भगवंता, वाचायचं तुझ्याकडंच हाय. ती एक ओळ तेवढी गाळ."

"आनि कारकुनानं वाचली तर?"

"तो बुक काढून देतो आनि जेवायला जातो. म्या दोनदा बघितलंय." मग म्हणाला, "माझ्या एकट्याचं न्हाई हे. त्या ओळीखाली तूबी हायेस."

ती ओळ कोणती ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

पंच्याऐंशी साली आमच्या गावात पंपाला वीज द्यायला लागले. जयसिंगरावाची विहीर, रेशमासाठी लावलेली त्याची तुती जिच्या पाण्यावर जगते ती, नेमकी त्या अकरा गुंठ्यांच्या कोपऱ्यात. वीजवाले म्हणाले, जमीन ज्याच्या नावावर त्याचा अर्ज आणा. जमीन होती यल्लव्वाच्या नावावर. त्यांच्या बापानं, तुकोजीरावानं, मरायच्या दोन वर्षं आधी रीतसर दानपत्र करून दिलं होतं, आणि ते जयसिंगरावाला पुरतं ठाऊक होतं. बहिणीला विचारलं असतं तर तिनं हसत अंगठा दिला असता. पण विचारायला जाणं म्हणजे रान तिचं आहे हे तोंडानं कबूल करणं. ते त्याला जमलं नाही. तेव्हाच्या शानभोगानं, म्हणजे गावाची दप्तरं लिहिणाऱ्यानं, सोपी वाट सांगितली. बहीण वारली, मागं कोणी नाही, भाऊ एकटाच वारस, असा जबाब द्यायचा. तिचा नवरा तेव्हा धडधाकट होता, तोही त्या जबाबात उडवला. खाली दोन पंच.

एक पंच झाला म्हातारा रामेगौड. त्यानं अंगठा दिला. तो आता राहिला नाही. दुसरा पंच मी.

न वाचता सही केली, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं ते असं की मी वाचलं होतं. आठवीपर्यंत शिकलेला मी गावात एकटाच होतो त्या वयाचा. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मग पेनाचं टोपण काढलं. कारण विहिरीपर्यंत खांब आले की पुढचा खांब माझ्या गिरणीच्या दारात पडणार होता. डिझेलच्या इंजिनाला दोरी मारून मारून माझा खांदा निखळला होता. म्हटलं, बाई खरंच थोडीच मरते आहे. कागदावर मरायला काय लागतं.

खांब आला. गिरणी चालली. त्यानंतर दरसाल यल्लव्वा सुगीला यायची, माझ्या दारात पायलीभर रागी दळायला टाकायची, आणि मी तिला हसून "कशी हायेस अक्का" म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही तिघं तालुक्याला गेलो. यल्लव्वानं ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं आणि फडक्यात रोट्या बांधून घेतल्या होत्या. कचेरीत अर्ज लिहिला, त्याला तिकीट लावलं. अर्जही मीच लिहिला. 'सर्वे नंबर बासष्ट, जुने फेरफार पाहण्याबद्दल.' खाली तिचा अंगठा घेतला.

रेकॉर्डच्या खोलीत शेषगिरीराव म्हणून कारकून होते. निवृत्तीला आलेले, चष्म्याला दोरी बांधलेली. आमचं आपसातलं बोलणं ऐकून ते मराठीतच म्हणाले, "तुम्ही मराठीवाले का? आमच्या घरीही मराठीच. बोलायला मात्र आता म्हातारी आईच उरली आहे." यल्लव्वाला त्यांनी बाकावर बसा म्हटलं. ती म्हणाली, "मला भुईच बरी," आणि दाराशी मांडी घालून बसली.

खोलीत छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं. एकेका गावाचं एकेक गाठोडं. ओल आली होती, वाळवीचे माग भिंतीनं वर गेले होते. शेषगिरीराव शिडीवर चढून एक गाठोडं काढत, गाठ सोडत, बघत, पुन्हा बांधत. आमचं गाव भलत्याच फळीवर गेलं होतं. तास गेला, दोन तास गेले. यल्लव्वा हलली नाही.

"ऱ्हाऊ दे अक्का," जयसिंगराव म्हणाला. "सापडत न्हाई म्हनत्यात. रागी भिजत आसंल तिकडं."

शेषगिरीराव शिडीवरूनच म्हणाले, "सापडत नाही असं मी म्हटलेलं नाही. इथं काही हरवत नाही, राव. हरवतं ते माणसांच्या घरी."

बारा वाजून गेल्यावर बुक सापडलं. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण आतली पानं शाबूत. त्यांनी टेबलावर ठेवलं, बासष्ट नंबरची पानं उघडून दिली आणि डबा घेतला. "तुमच्यात वाचणारं आहे ना कोणी? बघा तोवर. थुंकी लावून पानं उलटू नका."

जयसिंगरावानं सांगितलं होतं तसंच झालं.

मी बुकासमोर उभा राहिलो. यल्लव्वा उठून माझ्या कोपराशी आली. तिच्या लुगड्याला कापराचा वास येत होता. शाई थोडी फुटली होती, तरी अक्षर स्वच्छ होतं. एकोणऐंशी साल, तुकोजीरावानं दानपत्रानं अकरा गुंठे दिले, यल्लव्वा कोम लक्ष्मणराव, म्हणजे लक्ष्मणरावाची बायको, हिला. त्याच्या खाली पंच्याऐंशी सालची नोंद. त्याखाली माझी सही, शेपटी काढलेली. तरुणपणी मला सहीला शेपटी काढायची हौस होती.

"वाच की," ती म्हणाली.

"सर्वे नंबर बासष्ट," मी वाचलं. "खातेदार तुकोजीराव. तुकोजीराव मयत झाल्यावर वारस मुलगा जयसिंगराव."

"मदी काई?"

"मदी काई न्हाई, अक्का."

"नीट बघ. बोट ठेवून बघ."

माझं बोट तिच्या नावावरच होतं. "न्हाई," मी म्हणालो.

तिनं त्या पानाकडं पाहिलं. तिला ती सगळी अक्षरं सारखीच. मग म्हणाली, "सरी." म्हणजे बरं, तेवढंच. डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन फडकं सोडलं. एक रोटी भावाला दिली, एक मला, वर मिरचीचा ठेचा. मला अर्धी जास्त दिली. "बारीक अक्षर हुतं, तुझं डोळं शिनलं आसतील," म्हणाली.

ती रोटी मी खाल्ली. तेही सांगून टाकतो.

बसस्टँडवर आलो तेव्हा पिरपिर पुन्हा सुरू झाली होती. पत्र्याखाली उभे राहिलो. जयसिंगराव मोकळा झाल्यासारखा बिडी ओढत होता, अक्काला संत्री घेऊ का म्हणून विचारत होता. तिला ऐकू जात नव्हतं. बराच वेळ ती समोरच्या चिखलात चालणाऱ्या लोकांकडं बघत राहिली आणि मग कोणाला तरी सांगावं तसं म्हणाली, "मंग बाबाच खोटं बोलला म्हनायचं."

जयसिंगरावानं बिडी खाली टाकली.

"मला दाखवायला न्हेलं त्यानं. अंगठा देताना माझ्याकडं बघून हसला. म्हनला, यल्ली, तुला कुनाच्या दारात उभं ऱ्हायची पाळी न्हाई यायची. माझी समजूत काडायला नाटक केलं म्हन की. ल्योकाला द्यायचं हुतं तर तसं सांगायचं. मी काय रडनार हुते? सतरा वर्सं झाली. सासरी कुनी टाकून बोललं की मी मनात म्हनायची, माझ्या बापानं माझी सोय केलीया. दर पितरपाटाला त्याचं पान वाडताना हात जोडत हुते. खोट्या मानसाला."

तिचे डोळे कोरडे होते. ती रडली असती तर कदाचित मी बसमध्ये चढलो असतो. पण मेलेल्या तुकोजीरावाला तिच्या तोंडून खोटा ठरवला जाताना मी ऐकत होतो, आणि त्याला खोटा मी केला होता, दोन घटकांपूर्वी, बोट ठेवून. तुकोजीरावानं मला पोहायला शिकवलं होतं त्याच तळ्यात.

आमची बस आली. कंडक्टर ओरडायला लागला. जयसिंगरावानं पिशवी उचलली.

"अक्का," मी म्हणालो. "बाबा खोटं न्हाई बोलला. मी खोटं वाचलं."

तिला कळलं नाही. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. "तुझं नाव हाय तितं. दानपत्रबी हाय. नाव हाय, आनि मागनं ते खोडलेलंबी हाय. मी गाळलं."

जयसिंगरावानं माझी बाही धरली. "भगवंता, पानी जाईल रं. तुती वाळंल माझी. समदी तुती."

यल्लव्वानं माझ्याकडं बघितलं. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "चल मंग. कचेरी बंद व्हायच्या आत," आणि पावसात चालायला लागली. मी मागून. बस आम्हा तिघांना सोडून गेली.

शेषगिरीराव जेवून आले होते, बुक अजून टेबलावरच होतं. यल्लव्वा त्यांना म्हणाली, "सायेब, आता तुमी वाचा. समदं वाचा. काई गाळू नका."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, चष्मा पुसला आणि वाचलं. दानपत्राची नोंद वाचली तेव्हा तिनं एकदा मान हलवली. मग त्यांनी खालची नोंद वाचायला घेतली. 'सदर यल्लव्वा ही मयत झाली असून मागे कोणी वारस नाही,' इथपर्यंत आले आणि थांबले.

"ही बाई कोण तुमची?" त्यांनी विचारलं.

"मीच ती," यल्लव्वा म्हणाली. "मी कदी मेले?"

शेषगिरीरावांचं बोट ओळीवरून सरकलं. "जबाब पंच्याऐंशी सालचा आहे. ऑगस्टची तेवीस तारीख. नागपंचमी होऊन दोन दिवस झालेले."

तिनं बोटांवर मोजलं. तिला तारखा कळत नव्हत्या, सण कळत होते. "त्या साली दोन श्रावन आले हुते," ती म्हणाली. "दुसऱ्या श्रावनात मी तुझ्याच घरात हुते, जयसिंगा. रत्नीला धाकटी झाली तवा. दीड म्हैना मी तिला न्हाऊ घालत हुते. तू सकाळी माझ्या हातची पेज पिऊन गेलास आनि इतं येऊन मला मारलंस?"

मी मागं वळून पाहिलं. जयसिंगराव दारापर्यंत आला होता, तिथून तो व्हरांड्यात गेला आणि खांबाकडं तोंड करून उभा राहिला.

"साक्षीला कोन?" तिनं विचारलं.

"दोन पंच आहेत. रामेगौड, अंगठा. भगवंतराव बिन खंडेराव, सही." शेषगिरीरावांना माझं नाव ठाऊक नव्हतं. ते सहज म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो."

त्या खोलीतली जमीन शेणानं सारवलेली नव्हती, फरशी होती. नाहीतर मी तिच्यात गेलो असतो. यल्लव्वा माझ्याकडं बघायलाही वळली नाही. तिनं शेषगिरीरावांना विचारलं, "मला जित्ती करायला काय करावं लागतं?"

तहसीलदार एक तरुण बाई होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. शेषगिरीराव बुक घेऊन स्वतः त्यांच्याकडं गेले. बाईंनी आम्हाला आत बोलावलं, सगळं कन्नडातून विचारलं. जबाब कोणी दिला, पंच कोण. मी म्हणालो, पंच मी. वाचून सही केली का न वाचता, असं त्यांनी विचारलं. न वाचता म्हणायला ती शेवटची सोयीची जागा होती. मी म्हणालो, वाचून.

"खोट्या जबाबाला तुरुंग आहे, माहीत आहे?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी यल्लव्वाला विचारलं, "अज्जी, ह्या दोघांवर पोलिसात तक्रार करायची का? तुम्ही सांगा."

यल्लव्वानं जरा विचार केला. खरंच केला, मला तिचा चेहरा दिसत होता. "नको," ती म्हणाली. "ह्यांना आत घातलं तर रानातली रागी कोन काडनार? निम्मी भिजली आसंल आता. माझं नाव लावा, तेवढं बास."

बाईंनी सांगितलं की ज्यांनी मारलं त्यांनीच ती जिवंत आहे असं शपथेवर लिहून द्यायचं. मग गावात नोटीस लागेल, तीस दिवस. कोणाची हरकत आली नाही तर नाव चढेल. शिपायानं व्हरांड्यात जयसिंगरावाच्या नावाचा पुकारा केला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो आत आला, पागोटं हातात धरून.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

बाहेर टाइपरायटर चालू होता तो थांबला, पुन्हा सुरू झाला. "माझी थोरली भैन," तो म्हणाला. "जित्ती हाय." त्यानं सही केली तेव्हा पेनानं कागद फाटला आणि त्याच्याकडून दुसऱ्या कागदावर परत सही घेतली.

परतीच्या बसमध्ये यल्लव्वा पुढं बायकांच्या जागेवर बसली. आम्ही दोघं मागं, शेजारी शेजारी, एकमेकांना न बघता. गावात उतरल्यावर ती भावाच्या घरी गेली नाही. मारुतीच्या देवळात झोपली. सकाळी मात्र आमच्या आधी रानात हजर. जयसिंगराव तिच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटायला लागला तर म्हणाली, "पेंढी धर. रागीनं कुनाचं काई वाईट केलं न्हाई."

पुढं नाव चढलं. तळ्याकडल्या रानात तिचं दोन खणांचं घर झालं, कौलं घातलेलं. इंदिरानगरच्या पार्टीचे दगड तिनं पायरीला बसवले. विहिरीचं पाणी तिनं भावाला तोडलं नाही, पण मोटर चालू करायच्या आधी येऊन सांगायचं अशी अट घातली. जयसिंगराव रोज सकाळी तिच्या अंगणात उभा राहून सांगतो, "अक्का, मोटर लावतो," आणि ती आतून "सरी" म्हणेपर्यंत थांबतो. माझ्या गिरणीच्या दारातला खांब तसाच आहे. त्याच्याबद्दल ती कधी बोलली नाही.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते नोटिशीच्या दिवसाचं.

तालुक्याहून आलो त्याला दहा-बारा दिवस झाले असतील. मळणी चालली होती, ऊन पडलं होतं. गावकामगारानं हलगी वाजवली आणि चावडीच्या भिंतीला कागद डकवला. हलगी ऐकून लोक जमले; खळ्यावरून आले, तुतीतून आले, बायका कळशा घेऊन थांबल्या. कागद कन्नडात, टाइप केलेला. कोणीतरी म्हणालं, भगवंतअण्णाला बोलवा, तो वाचंल. गावात आजवर सगळे कागद मीच वाचले होते. मी गिरणीच्या दारात उभा होतो, पिठानं पांढरा झालेला. पळून जायला जागा नव्हती. लोकांनी वाट करून दिली.

मी वाचायला लागलो. सर्वे नंबर, क्षेत्र, दानपत्राची तारीख मोठ्यानं वाचली. यल्लव्वा कोम लक्ष्मणराव ही हयात आहे, हे वाचलं तेव्हा बायकांत हसू फुटलं. कोणाला कळलं नाही, हयात आहे ते कागदावर कशाला लिहायचं. मग पुढचं आलं. तिच्या मरणाचा खोटा जबाब तिचा भाऊ जयसिंगराव यानं दिला. हसू थांबलं. आणि पंच म्हणून जाणूनबुजून सही करणारा. माझं नाव मी वाचलं, पण ते माझ्या मिशांतच राहिलं. वाचून झालं म्हणून मी मागं सरलो.

गर्दीच्या पार मागं, चिंचेच्या मुळीवर यल्लव्वा बसली होती. तिथून ती म्हणाली, "भगवंता, मागं ऐकू आलं न्हाई. त्या शेवटच्या ओळीपास्नं परत वाच."

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मी भिंतीकडं वळलो आणि माझं नाव बापाच्या नावासकट परत वाचलं.